ब्लॅक प्युमाज कसं ऐकायचं: घाई न करणाऱ्या आवाजासाठी घरगुती गाइड

आधीच सांगून टाकते, मी सोल म्युझिकमधली, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चच्या गाण्यातून निघालेल्या संगीतातली, एक्स्पर्ट वगैरे नाहीये, माझं कान तयार होणं म्हणजे लहानपणी रेडिओवरची भावगीतं, दहावीपर्यंत क्लासला जाऊन शिकलेलं थोडंफार शास्त्रीय, आणि मग डायरेक्ट लोकलमधे इयरफोन घालून जे सापडेल ते. पण गेली काही वर्षं मी ब्लॅक प्युमाज या अमेरिकन जोडीच्या मागे लागलीये आणि ज्याला त्याला ऐकवत असते, आणि निम्मे लोक "छान आहे गं, पण जुनंच वाटतंय की" म्हणून फोन परत देतात. त्यांना दोष नाही. मी चुकीचं गाणं, चुकीच्या वेळी, चुकीच्या स्पीकरवर ऐकवलेलं असतं. तर हे गाइड त्या चुकांमधून तयार झालंय.

जोडी कोण ते पटकन सांगते. गाणारा एरिक बर्टन, आणि गिटार वाजवणारा, अख्खा साउंड बांधणारा एड्रियन केसाडा. गाव ऑस्टिन, टेक्सस. केसाडा मेक्सिकोच्या सीमेवरच्या लरेडोचा, आधी ग्रुपो फँटाझ्मा नावाच्या लॅटिन फंक, म्हणजे नाचायला लावणाऱ्या ठेक्याच्या, बँडमधे होता, त्या बँडला 2011 साली ग्रॅमी मिळालेलं, म्हणजे माणूस मुरलेला. बर्टन लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतला, लहानपणी चर्चमधे गायला, मग म्युझिकल नाटकांमधे, आणि मग सरळ रस्त्यावर, सँटा मोनिकाच्या समुद्रावरच्या धक्क्यावर गिटार घेऊन उभा राहायचा आणि लोक पैसे टाकायचे. 2015 च्या सुमारास फिरत फिरत ऑस्टिनला आला आणि तिथेही फुटपाथच. 2017 मधे केसाडाकडे काही धून तयार पडल्या होत्या, गायक सापडत नव्हता, कोणीतरी ओळखीतल्याने बर्टनचं नाव सुचवलं आणि या पठ्ठ्याने फोनवरूनच त्या धूनवर गाऊन दाखवलं. फोनवर! आपल्याकडे स्थळं बघतात तशी बघाबघी पण नाही. पुढच्या वर्षी ऑस्टिनमधल्या सी-बॉईज हार्ट अँड सोल नावाच्या बारमधे नेमाने वाजवायला लागले आणि जून 2019 मधे पहिला अल्बम आला, दहा गाण्यांचा, बँडच्याच नावाचा.

एक वॉर्निंग. सर्च करताना एरिक बर्डन नावाचा माणूस समोर येईल, तो साठच्या दशकातल्या ॲनिमल्स बँडचा ब्रिटिश गायक, तोही भारीच आहे पण तो हा नव्हे. माझ्या एका मैत्रिणीने आठवडाभर त्यालाच ऐकलं आणि मला म्हणाली अगं हा तर चांगला ओरडतो की, तू म्हणत होतीस हळू गातो.

पहिलं काम: फोनचा स्पीकर बंद करा

हे मी गमतीत सांगत नाहीये. या गायकाची अर्धी जादू खालच्या पट्टीत आहे, आणि फोनच्या त्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच येत नाहीत, जे येतं ते नुसतं वरचं, पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं. मग तुम्हाला वाटणारच की यात काय एवढं. साधे तीन-चारशे रुपयांचे वायरवाले इयरफोन असले तरी चालतील, घरात जुना डेक किंवा टीव्हीला जोडलेला साउंडबार असेल तर अजूनच बरं. बेस वाढवायचं बटण मात्र दाबू नका, त्याने ड्रम फुगतो आणि आवाज त्याच्याखाली चेंगरतो.

वेळ म्हणाल तर रात्री नऊनंतर, जेवणं आटपल्यावर, भांडी घासताना पण चालेल. सकाळी ऑफिसच्या गडबडीत नको. हे गाणं घाईत ऐकलं की कंटाळवाणं लागतं, कारण ते स्वतः कुठेच घाईत नसतं. मे महिन्यात संध्याकाळी वळीव यायच्या आधी कसं होतं बघा, झाडाचं पान हलत नाही, अंगाला शर्ट चिकटलेला असतो, लांब कुठेतरी गडगडतंय पण पाऊस काही येत नाही, आणि तरी कोणी खिडकीपासून हलत नाही. बर्टनचा आवाज म्हणजे तो अर्धा तास आहे. त्याला लोक मादक वगैरे म्हणतात, पण मादक म्हटलं की आपल्या डोक्यात डोळा मारणं येतं, नखरा येतो. इथे नखरा कमी आणि उकाडा जास्त. आता येईल, आता येईल असं वाटत राहतं आणि तो देत नाही, आणि मग देतो तेव्हा छत्री उघडायला पण वेळ मिळत नाही.

आता कुठून सुरुवात करायची

सगळे "कलर्स"ने करतात आणि खरं सांगायचं तर मीही तेच सांगेन, उगाच वेगळं सांगायचं म्हणून काहीतरी कोपऱ्यातलं गाणं सुचवण्यात अर्थ नाही. हे गाणं बर्टनने बँड व्हायच्या कितीतरी वर्षं आधी, गिटार नुकती शिकत असताना लिहिलेलं, न्यू मेक्सिकोत काकाच्या घराच्या गच्चीवर. पुढे याच गाण्याला 2021 च्या ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयरचं नॉमिनेशन मिळालं, आणि त्याच वर्षी जानेवारीत बायडेन यांच्या शपथविधीच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात या दोघांनी ते वाजवलं. फुटपाथवरून तिथे.

पण एकदा ऐकून सोडू नका. तीनदा ऐका, आणि दर वेळी वेगळी गोष्ट धरा.

पहिल्यांदा फक्त सुरुवात. एकटी गिटार चालू होते, साधीच, कोणीही चार महिने शिकून वाजवेल अशी, आणि मग आवाज येतो तो जवळजवळ बोलल्यासारखा, उठून नुकताच चहा ठेवलाय आणि कोणाला तरी काहीतरी सांगतोय अशा पट्टीत. इथे बघा त्याने किती कमी केलंय. ज्याच्या गळ्यात एवढी ताकद आहे तो पहिल्या ओळीतच दाखवून मोकळा होईल, आपल्या रिॲलिटी शोमधली पोरं बिचारी तेच करतात, नव्वद सेकंद मिळतात त्यांना, करणार काय. हा दाखवत नाही.

दुसऱ्यांदा ड्रमवर टाळी द्या, अगदी मांडीवर, आणि मग ऐका की शब्द टाळीवर पडतात का. पडत नाहीत. किंचित मागे पडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तो लय सोडत नाही पण लयीच्या मागे रेंगाळतो, आणि ओळ संपता संपता बरोबर जागेवर येऊन टेकतो. आपल्याकडे बैठकीच्या लावणीत किंवा ठुमरीत हे सगळं आहेच, शब्द लांबवायचा, सम आली आली असं वाटू द्यायचं आणि मग हळूच टेकायचं. त्यामुळे मराठी कानाला हे शिकवावं लागत नाही खरं तर, फक्त इंग्रजी गाण्यात पण हे शोधायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं. मला क्लासच्या बाई म्हणायच्या, "ठेका तबल्याकडे दिलाय ना, मग तू कशाला सांभाळतेस?" तेव्हा कळलं नव्हतं. बर्टन ऐकताना कळलं.

तिसऱ्यांदा मागच्या गाणाऱ्यांकडे लक्ष द्या. बँडबरोबर कोरसला अँजेला मिलर आणि लॉरेन सर्व्हँटीस या दोघी असतात, आणि जोडी जोडी म्हणतो आपण पण स्टेजवर कीबोर्ड, बेस, ड्रम धरून चांगली टोळीच असते, नाव फक्त दोघांचं. तर तो एक ओळ टाकतो आणि या उत्तर देतात. ही पद्धत थेट चर्चमधून आलीये, पाद्री म्हणतो आणि सगळी मंडळी उत्तर देते. माझी आई मेथी निवडत बसली होती तेव्हा मी हे लावलेलं, तिला इंग्रजी फारसं कळत नाही, ती म्हणाली, "हे आपल्या कीर्तनासारखंच आहे की, बुवा सोडतो आणि टाळकरी धरतात." बस. यावर मी अजून काय लिहिणार. फक्त एवढंच जोडते की टाळकऱ्यांनी धरलं की बुवाला मोकळं सुटता येतं, आणि गाण्याच्या शेवटी शेवटी तेच होतं, मागे ओळ चालू राहते आणि हा वर कुठेतरी जाऊन मनसोक्त फिरून येतो.

चोरटा आवाज आणि तो का आवडतो

आता जरा गळ्याबद्दल. बर्टनचे दोन आवाज आहेत असं धरून चाला. एक छातीतला, खरबरीत, थोडा घोगरा, काथ्याच्या दोरीसारखा. आणि दुसरा एकदम बारीक, वरचा, फॉल्सेटो म्हणतात तो. आपल्या क्लासमधे या दुसऱ्याला चोरटा आवाज म्हणतात आणि लावला की ओरडा बसतो, कारण शास्त्रीयमधे खुला आकार लागतो, वर जाताना आवाज पातळ केला की ती चोरी. पण सोलमधे हीच चोरी म्हणजे दागिना. उंच्यापुऱ्या माणसाचा भारदस्त आवाज अचानक बाईमाणसासारखा हलका होतो तेव्हा काय होतं, तर त्याचा सगळा रुबाब गळून पडतो, आणि समोरच्याला वाटतं हा आता खरं बोलतोय. सोल गायक अल ग्रीनने सत्तरच्या दशकात मेम्फिसमधे हेच केलं, त्याचा प्रोड्युसर विली मिचेलने त्याला जोर लावू नको, हळू गा, असं पटवलं आणि त्या हळू गाण्यातूनच तो एवढा मोठा झाला.

ही अदलाबदल ऐकायला "ब्लॅक मून रायझिंग" लावा. तिथे ड्रम जड आहे, जुन्या हिपहॉपच्या रेकॉर्डमधे असतो तसा ठोकळेबाज, आणि त्या जडपणावर आवाज वर सरकतो. खोलवर ऐकायचं असेल तर एका हाताने छातीवर बोट ठेवा आणि त्याच्याबरोबर गुणगुणा, खाली गाताना छाती थरथरते, वर गेल्यावर थरथर थांबते आणि डोक्यात कुठेतरी सुरू होते. म्हणजे तुमच्याच अंगात कळतं की त्याने गिअर कुठे बदलला. बदलताना तो जो छोटासा तडा जातो आवाजाला, तो त्याने पुसलेला नाही, ऑटोट्यून लावून गुळगुळीत केलेला नाही. मला विचाराल तर त्या तड्यासाठीच ऐकायचं.

रेट्रो म्हणजे नक्की काय ऐकायचं

इथे मला थोडं केसाडाबद्दल बोलायचंय कारण सगळं कौतुक गायकाला जातं आणि हा बिचारा बाजूला गिटार वाजवत असतो.

रेट्रो, म्हणजे मुद्दाम जुन्या वळणाचं, म्हटलं की लोकांना कपडे आठवतात. पण कानाला रेट्रो कशाने वाटतं ते शोधायचं असेल तर चार गोष्टी पकडा. ड्रम कोरडा असतो, घुमत नाही, सत्तरच्या दशकात स्टुडिओत ड्रमवर चक्क भांडी पुसायचा टॉवेल टाकायचे म्हणजे आवाज थबकतो, ढब असा होतो आणि संपतो. मग टेपवर जरा जास्त जोरात रेकॉर्ड केलं की कडा मऊ होतात, किंचित करपल्यासारखा आवाज येतो, दुधाच्या पातेल्याच्या तळाला लागलेली ती खरपूड असते ना, तसा. तिसरं म्हणजे स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, गिटारच्या ॲम्प्लिफायरमधे खरोखरच स्प्रिंग असतात आणि आवाज त्यातून जाऊन थरथरत बाहेर येतो. आणि चौथं, जे सगळ्यात महत्त्वाचं, जागा रिकामी सोडलेली असते. एका वेळी फार वाद्यं नाहीत. आत्ताच्या पॉप गाण्यात आवाजाच्या मागे भिंत उभी असते, इथे मागे पडवी आहे, वारा येतो.

मग गायकाचा याच्याशी काय संबंध, तर हाच संबंध. एवढा गरम आवाज गच्च भरलेल्या खोलीत घुसमटला असता. केसाडाने त्याला कोरडी, मोकळी, थोडी थंड जागा दिली म्हणून तो उकाडा आपल्याला जाणवतो. आणि उलटही खरं आहे, बर्टन नसता तर केसाडाच्या त्या धून म्हणजे चांगल्या कॅफेत मागे वाजतात ना, कोणी मान वर करून बघत नाही, तशा राहिल्या असत्या. मी त्यांची नक्कल करणारे बरेच बँड ऐकलेत, ड्रमवर टॉवेल असतो, सूट असतो, विग पण असतो कधीकधी, आणि गायक पहिल्या ओळीपासून सत्तरच्या दशकाची ॲक्टिंग करत असतो. बर्टन ॲक्टिंग करत नाही असं नाही, नाटकातला माणूस आहे, पण तो आजचा माणूस म्हणून गातो. जुना फक्त वाडा आहे, राहणारा नवा आहे.

हा फरक स्वतः तपासायचा असेल तर एक गृहपाठ देते. पहिल्या अल्बमची 2020 मधली वाढीव आवृत्ती आहे, त्यात त्यांनी दुसऱ्यांची गाणी पण केलीत. "एंट नो लव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी" आधी बॉबी ब्लँड या जुन्या सोल गायकाचं 1974 चं ऐका, मग यांचं. आणि "फास्ट कार" आधी ट्रेसी चॅपमनचं 1988 चं, मग यांचं. ट्रेसी चॅपमन ती गोष्ट सरळ सांगते, डोळे पुसून झाल्यावर सांगावी तशी. बर्टन सांगताना अजून त्यातच आहे. मला ओरिजिनलच जास्त आवडतं, पण कोणाचं काय वेगळं आहे हे कळायला यापेक्षा सोपी पद्धत मला तरी सापडली नाही, एकच गाणं आणि दोन गळे.

दुसऱ्या दिवसापासून पुढे

"कलर्स" अंगवळणी पडलं की पहिला अल्बम ओळीने ऐका, उड्या मारू नका. "नो यू बेटर" आणि "स्टे गोल्ड" रात्रीची गाणी आहेत. "फायर"मधे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकायची वाद्यं, येतं, जरा रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. "ओसीटी 33" हे माझं लाडकं, तिथे व्हायोलिनसारखी तार वाद्यं आहेत आणि आवाज जवळजवळ कुठे जातच नाही, एका जागी बसून राहतो, आणि तरी तुम्ही उठत नाही. शेवटचं "स्वीट कॉन्व्हर्सेशन्स" अगदी हळू, ते मी लोकलमधे कधीच ऐकत नाही, दिवा स्टेशनला दाराशी भांडणं चालू असताना ते ऐकणं म्हणजे अन्याय आहे.

दुसरा अल्बम "क्रॉनिकल्स ऑफ अ डायमंड" ऑक्टोबर 2023 मधे आला. चांगला आहे. पण थोडा नटलाय. पहिल्यात अंगणात दोघं बसलेत असं वाटायचं, इथे मांडव घातलाय. "मोअर दॅन अ लव्ह साँग" लावा, भरभरून आहे, त्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन पण होतं. मला "मिसेस पोस्टमन" आवडतं, पियानो जरा डुलत डुलत चालतो आणि बर्टन त्याच्यावर मजेत असतो. "एंजल" पण ऐका. बाकीचे तुमचे तुम्ही ठरवा.

आणि लाइव्ह व्हिडिओ बघाच, पण शेवटी. आधी बघितलं की डोळे कानाचं काम करायला लागतात. स्टेजवर हा माणूस नाचतो, गुडघ्यावर बसतो, खाली उतरून लोकांमधे घुसतो, आणि मग कळतं की फुटपाथवर गायल्याचा काय फायदा झाला असेल. रस्त्यावर कोणी तिकीट काढून आलेलं नसतं, ऑफिसला निघालेल्या माणसाला थांबवायचं असतं. ओरडून थांबत नाही हो माणूस, ओरडणारे तर स्टेशनबाहेर पन्नास असतात. हळू बोललं की वळून बघतो. हे माझं आपलं अनुमान आहे, पण दादरच्या पुलावर बासरीवाला बसतो त्याच्याकडे बघून तरी मला पटतं.

स्वतः गाऊन बघायचंय?

इथपर्यंत वाचलंय म्हणजे थोडी खाज असणारच. मी आणि माझा चुलतभाऊ, तो गिटार वाजवतो, आम्ही गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात असं काहीतरी करून बघितलं आणि सपशेल पडलो, त्यातून शिकलेलं सांगते.

सूर खाली घ्या. म्हणजे खरंच खाली. आपण कराओकेला ओरिजिनल पट्टीत गायला जातो आणि पहिल्या अंतऱ्यातच मानेच्या शिरा दिसायला लागतात. ज्या पट्टीत तुम्ही झोपेतून उठल्यावर फोनवर "हॅलो" म्हणता ना, त्याच्या आसपास सुरुवात करा. सकाळी पाच मिनिटं तोंड मिटून खर्जात हुंकार भरला तरी पुरतं, क्लासला गेलेल्यांना सांगायला नको.

माइक ओठांपासून चार बोटांवर, आणि हळू गा. साधा एका दिशेचा माइक तोंडाजवळ आणला की तो आवाजातला खर्ज आपोआप वाढवतो, माइकचा गुणच आहे तो, त्यामुळे कुजबुजल्यासारखं गायलं तरी भारदस्त लागतं. जोरात ओळ आली की मान जरा मागे. मी पूर्ण उलटं केलं होतं, हळू ओळीला लांब आणि जोराच्या ओळीला जवळ, साउंडवाला हात जोडून उभा होता.

मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, लावून आधी बरोबर ठेक्यावर गा, चार-पाच दिवस. मग मुद्दाम मागे पडायला शिका. आधी मागे पडायला गेलात तर ते रेंगाळणं नाही, ते चुकणं असतं, आणि ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. टेकायची जागा पक्की हवी, मग बाकी कुठेही हिंडा.

फॉल्सेटोला जोर लावायचा नाही. घसा दुखला तर थांबा, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी बघू. घोगरेपणा आणायला घसा खरवडू नका प्लीज, तो वयाने आणि सवयीने येतो, ओढून आणलेला सर्दीसारखा लागतो.

अमेरिकन ॲक्सेंट नको. आमच्या कार्यक्रमात लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसले, आणि बरोबर होतं. शब्द आपल्या तोंडाने म्हणा किंवा सरळ मराठी ओळी घ्या, चाल तीच ठेवून बघा, गंमत येते.

गिटारवाल्याला सांगायचं की कमी वाजव. हे सगळ्यात अवघड काम आहे, गायक सापडतात, कमी वाजवणारा गिटारिस्ट सापडत नाही. माझ्या भावाला मी तारांखाली, ब्रिजपाशी (खाली तारा टेकतात तिथे), भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा सरकवायला लावला, त्याने तारा घुमत नाहीत, ठप ठप कोरडा जुना आवाज येतो, आणि दुसरा फायदा म्हणजे त्याला हौसेचे सोलो वाजवता येत नाहीत. कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) किंवा ढोलकी असेल तर त्यावर घडी केलेला पंचा. इको बंद. सोसायटीच्या साउंडवाल्याला इको बंद करायला सांगणं म्हणजे काय असतं ते गणपतीत गायलेल्यांना माहितीये, तो दोनदा हो म्हणतो आणि तिसऱ्यांदा अजून वाढवतो.

सराव फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की एकतर आपण फार भारी वाटतो नाहीतर फार वाईट. मी अजून रविवारी संध्याकाळी करते, भाऊ येतो, स्पंज लावतो, आई आत कुकर लावत असते. मागच्या रविवारी मी एक ओळ जरा जास्त वेळ धरली, टेकवलीच नाही, भाऊ गिटारवर वाट बघत थांबला, आणि आतून आई म्हणाली, "अगं टाक की आता."